खिळा, एक नग

माझे दाजी, म्हणजे अरुणाताईचे मिस्टर, भानुदास पिसाळ, १९९६ सालच्या जून महिन्यात जपानमध्ये धनुर्वातानं वारले. वय वर्षं अडतीस.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. दाजी वारलेले नाहीत. ते धडधाकट आहेत आणि चिबा बाजूच्या एका लहानशा शहरात, दवाखान्याच्या हिरव्या सपाता पायात घालून, माझ्या शेजारी बाकावर बसून विम्याचं कार्ड रुमालानं पुसताहेत. एप्रिल संपत आलाय. शहराचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या कोणीही काहीही चूक केलेली नाही, आणि ज्यांनी चूक केलेली नाही त्यांना उगाच उजेडात आणू नये.

दाजींचं काम मातीतल्या जंतूंचं. भाताच्या मुळांशी कोणते जंतू राहतात, काय खातात, एकमेकांशी कसे वागतात, हे पाहायला ते एका संशोधन संस्थेत दोन वर्षांच्या फेलोशिपवर आले होते. जूनअखेर ती संपत होती. तिसरं वर्ष मिळवायचं तर मेच्या शेवटी शेतातून मातीचे नमुने आणायला हवे होते. संस्थेनं त्याच वर्षी नवा नियम काढला : धनुर्वाताची लस घेतल्याचा दाखला नसेल त्यानं शेतात पाय ठेवायचा नाही. दाखला नाही तर नमुने नाहीत, नमुने नाहीत तर तिसरं वर्ष नाही, तिसरं वर्ष नाही तर व्हिसा नाही. मग माझ्या भाचीला, नुपूरला, इथल्या पहिलीतून उचलून कऱ्हाडच्या शाळेत घालायचं. आणि त्या पोरीला भूकसुद्धा जपानीत लागायची.

"पण दाजी, आपल्याकडे तर नुसतं खरचटलं तरी टीटी टोचतात. तुम्हाला कोणी टोचलं नाही?"

"सहावीत सायकलवरून पडलो होतो. कंपाउंडर सुट्टीवर होता. आईनं हळद भरली."

"मग?"

"मग काय? बरं झालं ते."

तर अशी ही लस हळदीवर सव्वीस वर्षं अडलेली होती.

डॉक्टरांचं नाव ओनोदेरा, तिथल्या रीतीनं ओनोदेरा सेन्सेई. सत्तरीचे, पांढऱ्या कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवणारे, अत्यंत भले गृहस्थ. मी दुभाषा म्हणून टोकियोतल्या फुनाबोरीहून गाडी बदलत आलो होतो. दाजींचं जपानी मातीपुरतं होतं. चिकणमाती, गाळ, आम्लता यांवर ते फर्डं बोलायचे. 'दुखतंय' मात्र म्हणता यायचं नाही.

"कुठे दुखतंय?" ओनोदेरा सेन्सेईंनी विचारलं.

"कुठेच नाही. लस हवी आहे," मी सांगितलं.

"अरे वा. साडेतीन हजार येन."

दाजींनी कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. सेन्सेईंनी ते तितक्याच आदरानं दोन्ही हातांनी परत केलं.

"हे चालणार नाही. तुम्ही निरोगी आहात."

दाजींनी मला कोपर मारलं. "विचार, निरोगी माणसानं हप्ता भरायचा की नाही?"

मी विचारलं. सेन्सेईंना राग आला नाही. उलट कोणीतरी एकदाचं विचारलं, याचा आनंद झालेला दिसला. त्यांनी कपाटातून विटेएवढं जाड पुस्तक काढलं. सरकार डॉक्टरला कशाचे किती देतं ते त्यात लिहिलेलं. प्रत्येक कामाला ठरावीक पॉइंट, एक पॉइंट म्हणजे दहा येन. दहातले सात भाग विमा देणार, तीन रोग्यानं द्यायचे. सेन्सेई बोट फिरवत गेले. गळू फोडणं, पॉइंट. जखम धुणं, पॉइंट. कानातला मळ काढणं, पॉइंट, आणि दोन्ही कानांचा काढला तर त्याचा वेगळा हिशोब.

"आणि हा निरोगी माणूस," ते म्हणाले आणि पुस्तक मिटलं. "हा यात नाही. विमा रोगाचे पैसे देतो. रोग होऊ नये म्हणून केलेल्या कामाचे मला शून्य पॉइंट. म्हणून लसीचे पैसे तुमच्याकडून, आणि किंमत मी ठरवणार. मी स्वस्तात देतो. स्टेशनसमोरचा पाच हजार घेतो."

"मग ही लस विमा कधी देतो?"

"जखम झाल्यावर. खोल हवी, मातीनं माखलेली हवी. स्वच्छ जखमेला नाही. गंज असला तर उत्तमच." सेन्सेईंनी फ्रिजकडे बोट दाखवलं. "तीच बाटली, तीच सुई, हाच मी. पण तेव्हा ती लस नसते, उपचार असतो. तेव्हा मी बिल लावू शकतो."

मी हे सगळं मराठीत सांगितलं, आणि शेवटी आपलं असावं म्हणून एक वाक्य पदरचं जोडलं.

"दाजी, सोपं आहे मग. घरी जा, एक गंजका खिळा शोधा, घाला पायात आणि या परत. तीस टक्क्यांत काम."

दाजी हसले नाहीत. ते माझ्या कुठल्याच विनोदाला हसत नसत. ताईच्या लग्नात मी वरातीच्या घोड्यावरून केलेल्या विनोदाला घोडावाला हसला होता, दाजी नाही. त्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच माझ्या विनोदाची कोणी नोंद घेत होतं.

दाजींचे वडील कऱ्हाडच्या कोर्टात नाझर. घरात देवापुढे उदबत्ती आणि अर्जाला तिकीट, यांत कधी खंड पडला नाही. पण नाझरसाहेबांनी आयुष्यभर अर्ज केले ते सगळे गावी, आणि आपल्याकडे अर्जाला उत्तर येत नाही, त्यामुळे माणूस चार ओळी लिहितो, मोकळा होतो आणि पुढे जगतो. जपानात उत्तर येतं. यानंच दाजींचं वाटोळं झालं. बागेतला नळ गळतो म्हणून त्यांनी नगरपालिकेला पत्र टाकलं, तर तीन दिवसांत नळ दुरुस्त आणि वर आभाराचं कार्ड. रेल्वेनं एकदा जास्त घेतलेले एकशे वीस येन सात पत्रांनंतर परत आले, पाकिटात, नव्या कोऱ्या नाण्यांत. दाजींनी कातकाना लिपीतला 'पिसाळ'चा शिक्का, हांको, बनवून घेतला होता आणि तो ते अशा समाधानानं उमटवायचे की बघणाऱ्याला वाटावं, माणूस पेढा खातोय.

तर त्यांनी अर्ज केला. मी भाषांतर केलं. 'विमाधारक निरोगी असून निरोगी राहू इच्छितो, तरी लसीचा खर्च विम्यातून मिळावा.' नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या विमा खिडकीतल्या बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. अकराव्या दिवशी उत्तर आलं. आपल्या निरोगीपणाबद्दल नगरपालिकेस आनंद वाटतो. विमा आजार व जखम यांसाठी आहे. आपणांस यांपैकी काही झाल्यास अवश्य संपर्क साधावा.

"बघ," दाजी म्हणाले. "अवश्य म्हणतायत."

१८ मेला, शनिवारी सकाळी, फुनाबोरीच्या माझ्या खोलीत फोन वाजला.

"धीरज, दवाखान्यात ये. बारापर्यंतच असतात ते शनिवारी. जखम झाली आहे."

"अरे बापरे. कशी?"

"तू सांगितलंस तशी."

मी पोचलो तेव्हा दाजी त्याच बाकावर बसले होते. एका पायात हिरवी सपात, दुसऱ्या पायात प्लॅस्टिकची पिशवी. चेहरा पांढरा, पण प्रसन्न. मांडीवर वही. त्यांनी काम नीट केलं होतं. खिळा संस्थेच्या गोठ्यामागच्या कुंपणाचा, नऊ सेंटिमीटर. तळव्यात गेला दीड सेंटिमीटर. स्वच्छ जखम चालत नाही म्हणून माती खताच्या ढिगाखालची, थोडी ओली करून. खिळा वेगळ्या पिशवीत, वर तारीख, वेळ आणि ठिकाणाची चिठ्ठी.

"दाजी, तुम्ही जंतूंचे डॉक्टर ना? त्या ढिगाखाली काय असतं, तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणूनच तिथून घेतली," दाजी म्हणाले. "आता दहा मिनिटांत लस मिळणार. वेळेत मिळाली की काही होत नाही. विज्ञान आहे ते."

तेवढ्यात आत बोलावलं.

सेन्सेईंनी पाय बघितला, तोंडातली पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि जखम धुवायला घेतली. नर्सनं फ्रिजमधून बाटली काढून ट्रेमध्ये ठेवली. मी ती पाहिली. अंगठ्याएवढी होती. सेन्सेईंनी फॉर्म ओढला, 'कारण' या चौकटीवर पेन टेकवलं आणि वर न बघताच म्हणाले, "घसरलात ना?"

"काय म्हणतायत?" दाजींनी विचारलं.

"विचारतायत, घसरलात का."

"नाही म्हणावं. लस मिळावी म्हणून खिळा मी स्वतः टोचून घेतला, त्यांनी मागच्या वेळी दिलेल्या माहितीनुसार."

आता इथे मला फक्त 'हाइ' म्हणायचं होतं. 'हाइ' म्हणजे हो. जपानला आलेला माणूस विमानतळावरच शिकतो तो शब्द. पेन टेकलेलं होतं, बाटली ट्रेमध्ये होती, दाजींना कळलंही नसतं. पण तुम्हीच सांगा, असलं वाक्य भाषांतराला आयुष्यात पुन्हा कधी आलं असतं? मी ते अथपासून इतिपर्यंत जपानीत सांगितलं. 'त्यांनी दिलेल्या माहितीनुसार'ला अत्यादरार्थी क्रियापद वापरलं. नर्सला हसू आवरेना, ती पडद्यामागे गेली. दुभाषा म्हणून मी इतका चांगला कधीच नव्हतो.

पेन उचललं गेलं.

"मुद्दाम केलेल्या जखमेला विमा लागू होत नाही," सेन्सेई हळूच म्हणाले. "कायद्यात आहे. लस साडेतीन हजार, बाहेरून. आणि एकाच जखमेचं अर्धं विम्यात, अर्धं बाहेर करता येत नाही. म्हणजे धुणं, पट्टी, सगळंच बाहेरून. अकरा हजार होतील."

मी सांगितलं. दाजींनी मान हलवली. म्हणजे, नाही.

सेन्सेईंनी दाराकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली. "मी काही ऐकलं नाही. पुन्हा विचारतो. पिसाळसान, घसरलात ना?"

"त्यांना सांग," दाजी म्हणाले, "माझे वडील कोर्टात नाझर होते. मी सरकारला खोटं निवेदन करणार नाही."

मी तेही सांगितलं.

"मग बाहेरून घ्या. घ्या पण. ही थट्टा नाही. झाला तर माणूस मरतो."

"दाजी, डॉक्टर म्हणतायत, मराल."

"अपिलाची मुदत किती असते विचार."

"साठ दिवस."

"मग साठ दिवसांत निकाल लावून घेऊ. आणि नकार लेखी मागून घे."

सेन्सेईंनी नकार लेखी दिला. अशा दाखल्याला दवाखान्यात दोन हजार येन पडतात. ते दाजींनी तिथल्या तिथे, आनंदानं, सुट्टे मोजून दिले. नर्सनं बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली.

घरी ताईनं पायाची पट्टी बघितली. मग दाखला बघितला. ती आठवड्यातून चार दिवस शेजारच्या जपानी बायकांना इंग्रजी शिकवायची.

"अहो, साडेतीन हजार म्हणजे माझ्या तीन शिकवण्या. मी देते. उठा, संध्याकाळी दुसरा कुठला दवाखाना उघडा असेल."

"प्रश्न पैशाचा नाही."

"कधीच नसतो तुमचा. कशाचा आहे ते तरी कळू दे."

"दोन वर्षं दर महिन्याला हप्ता भरतोय. एकदाही आजारी पडलो नाही."

"मग घराला आग लागली नाही म्हणून अग्निशामकवाल्यांशीही भांडून या! आणि पायात एवढा खिळा गेलाच कसा? डोळे कुठे होते?"

दाजींना खोटं बोलायचं नव्हतं. "कामाचा भाग होता," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"धीऱ्या, तू तरी सांग यांना. दात काय काढतोयस?"

"ताई, मी काय सांगू? मी नुसता दुभाषा."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या नकळत अकरा हजार घेऊन ओनोदेरा सेन्सेईंच्या दाराशी गेली. रविवार होता. सेन्सेई घरच्या कपड्यांत खाली आले, पैसे बघून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, इंजेक्शन द्यायला पिसाळसान स्वतः हवेत. ती परत आली तेव्हा पिसाळसान अपिलाचा मसुदा करत होते. कलम सातपर्यंत आले होते.

अपील दुसऱ्या गावातल्या ऑफिसात करायचं होतं. मंगळवारी ते रजिस्टरनं गेलं : सात पानं, डॉक्टरांचा लेखी नकार, आणि पुरावा म्हणून खिळा, एक नग, मूळ मातीसह. पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत काही धोकादायक आहे का? दाजी म्हणाले, आहे, आणि त्यानं पाकिटावर लाल शिक्का मारून दिला. तत्पर माणसं.

खिळ्यानंतर नवव्या दिवशी, २७ मेला, ताईनं पिठलं-भाकरी केली होती. दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"का हो? भाजली नाही का नीट?"

"जबडा धरलाय," दाजी म्हणाले. दातांच्या फटीतून. "झोपेत आखडला असेल."

समोर नुपूर बसली होती. ती बापाकडे बघत राहिली आणि मग जपानीत म्हणाली, "बाबा हसतायत."

खरंच हसत होते. भुवया वर, ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, दात दिसतायत. आठ वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

"ताई, बघ बघ!" मी म्हणालो. "दाजी हसले! मी काही बोललो पण नाहीये अजून!"

ताई बघत होती. दाजींचे डोळे मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे लागले होते, आणि त्यांत, नीट सांगायचं तर, एका शास्त्रज्ञाची ओळख पटल्याची नजर होती. मग त्यांची मान मागे जायला लागली.

मोठ्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसानं फॉर्म पुढे ओढला. कार्ड आहे? आहे. जखम कशी झाली? मी तोंड उघडणार, तोच ताईनं माझ्या पायावर पाय दिला. तिचं जपानी भाजीबाजारापुरतं. तिनं एकच शब्द उच्चारला : घसरले. माणसानं खूण केली. एक सेकंद लागला असेल.

तिथून पुढे कशालाही पैसे कमी पडले नाहीत. जो विमा अंगठ्याएवढ्या बाटलीला ना म्हणाला होता, त्यानं दाजींना वेगळी अंधारी खोली दिली, श्वासाचं यंत्र दिलं, चोवीस तास एक नर्स दिली, स्नायू सैल ठेवायचं औषध थेंबाथेंबानं दिलं. प्रत्येक थेंबाला पॉइंट होते. आमच्या वाट्याला ठरावीक मर्यादेवर एक येनही येणार नव्हता, तसं पत्रकच ताईच्या हातात दिलं. खोलीत बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, चपलांचा आवाज करायचा नाही. आवाज झाला की दाजींचं सगळं शरीर धनुष्यासारखं ताणलं जायचं. शुद्ध होती. या रोगात शुद्ध जात नाही, हे मला तिथल्या डॉक्टरनं समजावून सांगितलं, आणि मी ते नीट भाषांतर करून ताईला सांगितलं.

पहिल्याच दिवशी त्यांच्या मांडीत एक छोटं इंजेक्शन दिलं होतं. मी विचारलं, हे कसलं?

"लस," डॉक्टर म्हणाले. "हा रोग होऊन गेला तरी शरीर त्याला ओळखायला शिकत नाही. पुढच्या वेळेसाठी द्यावीच लागते."

पुढच्या वेळेसाठी! मी धावत खिडकीवर गेलो. "ती लस विम्यातून आहे का?"

"अर्थात," माणूस म्हणाला. जरा चकित झाला. "ते आजारी आहेत."

मला राहवेना. नर्स नोंदी करत होती. मी पाय न वाजवता आत शिरलो, दाजींच्या कानाशी वाकलो आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, "दाजी, जिंकलात. लस दिली. विम्यातून."

त्यांनी ऐकलं. कसं कळलं म्हणाल, तर त्यांचं शरीर गादीवरून वर उचललं गेलं, फक्त टाचा आणि डोकं टेकलेलं, आणि चेहऱ्यावर ते हसू इतकं रुंद झालं की ओठाच्या कडेला रक्त आलं. यंत्रं ओरडायला लागली. यंत्रांच्या ओरडण्यानं ते आणखी ताणले गेले. नर्सनं मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि त्यानंतर मला आत सोडलं नाही. ताईनं कारण विचारलं. मी म्हणालो, सपाता वाजल्या.

शेतातले नमुने २९ तारखेला दुसऱ्या एका फेलोनं आणले. चांगले आले म्हणतात.

१४ जूनला, शुक्रवारी सकाळी, दाजी... पण ते तुम्ही वाचलेलंच नाही. फेलोशिपचे अजून सोळा दिवस शिल्लक होते. हॉस्पिटलचं बिल दोन लाख एकोणऐंशी हजार पॉइंटांचं झालं. अशी बिलं तपासायला वेगळे डॉक्टर बसवलेले असतात. काही अनावश्यक वाटलं तर ते पॉइंट कापतात. दाजींच्या बिलातला एकही कापला नाही. त्या लसीचासुद्धा नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताईची बांधाबांध चालू असताना अपिलाचं उत्तर आलं. पंचेचाळीस दिवसांत. दाजी म्हणाले होते तसं, मुदतीच्या आत. 'अपीलकर्त्यास मागणी केलेली लस दरम्यानच्या काळात विम्यातून मिळालेली असल्याचे दिसून येते. सबब अपिलाचा हेतू सफल झाला असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. जोडपत्र परत करीत आहोत.' पिशवीत खिळा होता. त्यावरची माती वाळली होती.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की शहराचं नाव मी का सांगत नाही. कागदोपत्री, अपिलाच्या ऑफिसात दाजींनी खिळा मुद्दाम टोचून घेतला होता आणि नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर ते घसरले होते. दोन्ही गावांमध्ये थेट गाडी आहे, पण अजून कोणी त्या कामासाठी बसलेलं नाही. बसलं, तर ते पॉइंट ताईकडून वसूल होतील, आणि ते फेडायला साताऱ्या-सांगलीतली सगळी पोरं इंग्रजी शिकायला आली तरी पुरणार नाहीत.

ताईनं खिळा उचलला आणि न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकून बुधवारी सकाळी खाली नेऊन ठेवला. संध्याकाळी पिशवी तिथेच होती. वर चिठ्ठी : 'धातू वेगळा करून महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी ठेवावा. सहकार्याबद्दल आभार.' तिसऱ्या गुरुवारी ताई आणि नुपूर कऱ्हाडात असणार होत्या. म्हणून खिळा माझ्याकडे आला.

विमानतळावर ताईनं पर्समधून दाजींची छोटी वही काढली. एक पान उघडलेलंच होतं. एप्रिलमधली तारीख, आणि खाली दाजींच्या कोर्टवळणाच्या अक्षरात : 'सूचना – धीरज. खिळा, पाय. तपासून पाहिली, व्यवहार्य.'

"हे तुझं," ताई म्हणाली. "राहिलं होतं आमच्याकडे."

आणि तिनं नुपूरचा हात धरला आणि आत गेली. नुपूरनं मागे वळून हात हलवला आणि जपानीत 'पुन्हा भेटू' म्हणाली. ताई वळली नाही. कऱ्हाडला मी तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. आपल्याकडे येत नाही.

इथे मात्र येतं. म्हणून खालील अर्ज आज रजिस्टरनं पाठवत आहे.

प्रति,
मा. प्रमुख,
आरोग्य विमा विभाग.

विषय : विनोद रद्द करून मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार हा कै. (हा शब्द तात्पुरता समजावा) भानुदास पिसाळ यांचा मेहुणा व दुभाषा आहे. सदर विमाधारक घसरून पडले, हे अर्जदारास पूर्णपणे मान्य असून त्याविषयी कोणतीही शंका उपस्थित करण्याचा हेतू नाही. तथापि, घसरण्यापूर्वी एप्रिल महिन्यात अर्जदाराने दवाखान्यात मराठी भाषेत एक विधान केले होते. ते विधान विनोद म्हणून करण्यात आले होते, परंतु उपस्थितांपैकी कोणीही हसल्याची नोंद नाही. सबब ते विनोद या सदरात मोडत नाही, हे अर्जदार कबूल करतो.

तसेच १८ मे रोजी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'हाइ' असे द्यावयाचे राहून गेले आहे. अर्जदार ते उत्तर या पत्राद्वारे देत आहे. हाइ.

सोबत : वहीचे पान, एक. खिळा, एक नग.

तरी वरील उत्तर त्याच दिवशी, बारा वाजण्यापूर्वी, मिळाले असे धरण्यात यावे. सदर लस त्याच ट्रेमधून, त्याच सुईने, विमाधारकास देण्यात यावी. त्यापुढील सर्व घटना अनावश्यक उपचार ठरवून त्यांचे पॉइंट कापण्यात यावेत. आणि विमाधारकास निरोगी अवस्थेत, तो कोणत्याही विनोदाला हसत नसला तरी, त्याच्या कुटुंबाच्या ताब्यात परत देण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.